‘हार्नेसच जीव घेतो’ म्हणे!

भाचा सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबचे साचे उभारायच्या, कामावर असतो. त्याने एक फॉरवर्ड पाठवून खाली विचारलं, “मामा, हे खरंय का? ग्रुपवर सगळे मान डोलावतायत.” त्यातला मजकूर हार्नेसबद्दल, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधून दोरीने पक्क्या जागी अडकवायच्या पट्ट्यांबद्दल, असा: हार्नेस घालून पडलात तर लटकून दहा मिनिटांत मराल, त्यापेक्षा मोकळं असलेलं बरं, घालायचंच तर कमरेचा पट्टा पुरे, खालच्या मजल्यांवर कशाचीच गरज नाही, आणि मुरलेला कारागीर पडतच नाही.

आधी लटकण्याचं बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. त्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. पाय न हलवता लटकत राहिलं की रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, भोवळ येते, आणि वेळेत उतरवलं नाही तर माणूस दगावूही शकतो. पण म्हणून हार्नेसच नको? अहो, लटकलेल्याला सोडवायला हाताशी काही मिनिटं तरी असतात. मोकळ्या माणसाला सहा फूट खाली यायला जेमतेम ०.६ सेकंद लागतात. तेवढ्यात काय पकडणार? लटकण्यावर उपायही आहे. हार्नेसला जोडायची पट्टी मिळते, तिच्यात पाय रोवून उभं राहायचं, पाय हलवत राहायचं. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमात तर पडलेल्याला तातडीने सोडवण्याची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. शिडी कुठे आहे, वर कोण जाणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसेल तर मुकादमाला धारेवर धरा, हार्नेसला कशाला?

कमरेचा पट्टा? पडणं रोखायला तो वापरण्यावर ओशाने १ जानेवारी १९९८ पासून बंदी घातली आहे. झटका सगळा पोटावर आणि मणक्यावर बसतो, शिवाय माणूस त्यातून निसटूही शकतो. हार्नेस तोच झटका मांड्या, कंबर, छाती आणि खांद्यांवर वाटून देतो.

खालच्या मजल्यांचं म्हणाल तर ओशाचा बांधकामाचा सर्वसाधारण नियम सहा फुटांपासूनच लागू होतो. हां, एक खरं: हार्नेसची सहा फुटी दोरी पूर्ण ताणून तिच्यातला शॉक-पॅक (झटका कमी करायला ताणाने उलगडणारी घडी) उघडेपर्यंत कमी उंचीवर माणूस जमिनीला टेकलेला असतो. तिथे कठडा हवा, डक्टवर, म्हणजे मजल्यात सोडलेल्या पोकळीवर, पक्कं झाकण हवं. नुसता हार्नेस चढवून फोटो काढणाऱ्या ठेकेदारांना हे कुणीतरी सांगा.

मुरलेल्या कारागिराबद्दल काय बोलायचं! फळी सरकते तेव्हा ती अनुभव विचारत नाही.

भाच्याला मी उलट विचारलं, हार्नेसच्या दोरीचा हूक कशाला अडकवतोस? म्हणाला, जवळच्या पाइपाला. ओशाच्या नियमात त्या जागेने माणशी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो, ताण पेलायला हवा. नाहीतर जाणकाराने हिशेब करून, पडताना येणाऱ्या ताणाच्या दुप्पट पेलणारी जागा नेमून दिलेली हवी. त्याच्या पाइपाचा हिशेब कुणीच केलेला नाही. ग्रुपवर चर्चा करायचीच असेल तर त्याची करा.