आधी टॉर्च, मग पाणी, चाकू सगळ्यात शेवटी

जूनचे ढग दिसायला लागले की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक प्रश्न हमखास फिरतो: "सर्व्हायव्हल किट कुठलं घेऊ?" खाली फोटो असतो. हिरव्या डबीत दातेरी चाकू, बटणाएवढं होकायंत्र, फायर स्टार्टर म्हणजे ठिणग्या पाडायची कांडी, तारेची करवत, चंदेरी कागद आणि मासे धरायचा गळ. आता हरिहर गडाच्या पायऱ्यांवर कुठला मासा लागणार आहे, ते डबी विकणाऱ्यालाच माहीत.

अशा किटांची कल्पना थंड मुलखातली आहे. तिथं बर्फ पडतं, लाकूड मुबलक असतं, माणूस गारठून जातो. म्हणून तिथं आग आणि धार आधी. आपल्याकडे काळा कातळ, मार्चनंतर कोरडे पडलेले ओढे आणि चार महिने कोसळणारा पाऊस. सह्याद्रीत माणूस घसरतो, उन्हानं कोसळतो, भिजून कुडकुडतो, अंधारात वाट चुकतो, नाहीतर आग्या मोहोळ उठवतो. यातल्या एकाही संकटात सात इंची चाकू कामाला येत नाही. सामानाचा क्रम या संकटांवरून लावायला हवा, आणि नेमकं तेच होत नाही.

पहिला पैसा डोक्याच्या टॉर्चवर घाला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीच्या पोटात त्याआधीच अंधारतं. मोबाइलच्या टॉर्चनं एक हात अडकतो, आणि उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत. दीडशे-दोनशे ल्युमेन (उजेडाचं माप) पुरे. हजाराचा आकडा बघून भुलू नका, तो उजेड पहिली काही मिनिटंच टिकतो, मग टॉर्च तापते आणि स्वतःच मंद होते. पाण्याचं रेटिंग बघा: आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल. पावसाळ्यात जाणार असाल तर आयपीएक्स ७ घ्या. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन बॅटरी उतरणं हा टॉर्चचा सगळ्यात जुना रोग. सेल काढता येत असतील तर एक सेल उलटा घालून ठेवा. घरी आल्यावर सगळे सेल काढा, नाहीतर ते पाझरतात आणि स्प्रिंगा खातात. टॉर्चचं आणखी एक काम लोक विसरतात. मण्यार रात्रीची फिरते, फुरसंही बहुतेक अंधार पडल्यावरच बाहेर येतं. पाय टाकण्याआधी दगड दिसला पाहिजे.

सापाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: विष शोषून काढायचा पंप ही निव्वळ लूट आहे. चिरा देणं, दोरीनं आवळून बांधणं हेही बंद करा. चावलेला हात किंवा पाय काठी आणि ओढणीनं बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन लावायचा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचवायचं.

पाण्याकडे वळू. मार्च ते मे या काळात दिवसभराच्या चालीला माणशी चार लिटर धरा, म्हणजे पाठीवर चार किलो. हे वजन कमी करायची युक्ती नाही, पहाटे लवकर निघणं एवढीच काय ती सवलत. नुसतं पाणी ढोसून घामातलं मीठ भरून येत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं गरगरतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरला असते. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे बरेच दिसतात. ते पाणी जास्त खारट होतं आणि तहान उलट वाढवतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून प्यायचं नाही. आधी फडक्यातून गाळा, मग खळखळून एक मिनिट उकळा. उंचीवर पाणी लवकर उकळतं, साधारण दर तीनशे मीटरला एक अंश कमी. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर ते ९५ अंशांच्या आतबाहेर उकळेल, तरी जंतू मरायला तेवढं पुरतं. (भात मात्र हट्टाला पेटतो.) पोकळ तंतूंचे ०.१ मायक्रॉनचे फिल्टर चांगले, जिवाणू अडवतात, पण विषाणू अडवत नाहीत. ज्या टाक्यावर रविवारी शंभर माणसं हात धुतात तिथं फिल्टरनंतर क्लोरीनची गोळीही टाका आणि अर्धा तास थांबा. गोळीचं प्रमाण पाकिटावर वाचा, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये ओढलं तर तो तिथंच तुंबतो.

बाटली स्टीलची, एकपदरी घ्या. ती झाकण काढून थेट आचेवर ठेवता येते. दुपदरी थर्मास आचेवर कधीच ठेवू नका. दोन पदरांमधली जागा सीलबंद असते, तापली की फुटते.

आता माझ्या आवडीचा भाग, ताडपत्री. तंबूवर दहा हजार घालण्याआधी शेतीच्या सामानाच्या दुकानात जा. द्राक्षं आणि कांदा झाकायला जे मिळतं त्यातच तुमचा निवारा आहे. फक्त जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. तीन बाय तीन मीटर म्हणजे नऊ चौरस मीटर. ९० जीएसएमची ताडपत्री ८१० ग्रॅम भरते, २०० जीएसएमची एक किलो आठशे. दुकानदार जाड दाखवून 'दहा वर्षं टिकेल' म्हणेल. त्याचं खरं आहे, पण ती कांद्याच्या चाळीवर टिकवायची आहे, तुमच्या पाठीवर नाही. ९० ते १२० मध्ये घ्या, ऊन सोसणारी घ्या, आणि घडीच्या रेषेवर नख ओढून बघा. पापुद्रा सुटला तर परत करा.

बांधताना चूक होते ती कडीत. कडेची पितळी रिंग वाऱ्याच्या दोन झटक्यांत फाटून निघते. त्याऐवजी लिंबाएवढा गोल गोटा ताडपत्रीच्या आत धरा, बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळा. हा जोड रिंगेपेक्षा घट्ट बसतो आणि कुठंही घेता येतो. खुंटीचं तसंच. आपल्या कातळात खुंटी शिरत नाही आणि पावसाळी मुरमात धरत नाही. दोरीच्या टोकाला हातभर काठी बांधा, ती आडवी ठेवा आणि तिच्यावर मोठे दगड रचा.

ताडपत्री जिच्यावर टाकायची ती मधली दोरी एका बाजूला बोलाइननं (न सरकणाऱ्या फासानं), दुसऱ्या बाजूला ट्रकवाल्यांच्या गाठीनं. कांद्याच्या ट्रॅक्टरवर ताडपत्री आवळताना मध्ये एक फास घालून त्यातून दोरी परत ओढतात, तीच. टोकाला सूरगाठ मारा, निरगाठ नको. भिजलेली निरगाठ पहाटे गार बोटांनी सुटत नाही, मग दोरी कापावी लागते. नायलॉन ओलं झालं की ताणतं, म्हणून पहिल्या सरीनंतर उठून पुन्हा आवळायचं. आणि प्रत्येक दोरीवर ताडपत्रीच्या जरा अलीकडे सुतळीचा तुकडा लोंबता बांधा. दोरीवरून वाहत येणारं पाणी त्यावरून खाली गळतं, आत येत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा खालची बाजू तिकडे. ओढ्याच्या पात्रात आणि धबधब्याच्या कोरड्या वाटेवर निवारा नको, वर कुठंतरी पडलेला पाऊस तुम्हाला विचारून येत नाही.

दोरीबद्दल एक ताकीद. चार मिलिमीटरचा पॅराकॉर्ड (पॅराशूटची बारीक नायलॉन दोरी) साडेपाचशे पौंडांचा, म्हणजे साधारण अडीचशे किलोचा असतो, हे खरं. पण तो आकडा स्थिर वजनाचा आहे. माणूस दोन फूट जरी पडला तरी झटका त्याच्या कितीतरी पट बसतो. ताडपत्रीची दोरी कड्यावर वापरायची नाही, 'नुसता आधाराला' म्हणूनही नाही.

अंगाखाली काय आहे हे पांघरुणाइतकंच महत्त्वाचं. कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढतो. आठ-दहा मिलिमीटरची फोमची मॅट घ्या. चंदेरी कागद फक्त अंगाची उष्णता परत फेकतो, जमिनीचा गारठा अडवत नाही, आणि आतून घामानं भिजतो. हिवाळ्यात निफाडकडच्या उघड्या माळावर हा फरक पहाटे चारला कळतो. घोंगडी भिजली तरी ऊब देते, पण भिजल्यावर ती उचलायलाच एक माणूस लागतो. जीन्स घरी ठेवा. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, कपडे त्यात, तोंड पिळून दुमडून बांधा.

बूट नवे असतील तर चांगलेच, पण कपाटात दोन-तीन वर्षं पडून राहिलेले धोक्याचे. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून कुजतो, वरून ठणठणीत दिसतो आणि चढावर अख्खा सुटून येतो. निघण्याआधी तळ अंगठ्यानं दाबा, भुगा पडला तर फेका. चिकटवलेल्या तळाला मोच्याकडून कडेनं शिवण मारून घ्या. शेवाळलेल्या दगडावर मात्र जगातला कुठलाही तळ धरत नाही.

शिट्टी दहा-वीस रुपयांची, आत गोळी नसलेली. गोळीवाली भिजली की अडकते. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ती खांद्याच्या पट्ट्याला बांधा. सॅक दरीत गेली की सॅकमधली शिट्टीही गेली.

आता आग. आरक्षित वनात विस्तव पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं. कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो, हे शेकोटीचे रील टाकणाऱ्यांनी एकदा वाचावं. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते, वणवा डोंगर काळा करून जातो. तिसरं कारण कायद्यापेक्षा जवळचं: कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि धूर वर जातो. पुढचं सांगायला नको. चेहऱ्याची जाळी तीसेक ग्रॅमची असते, ती न्या, अत्तर-परफ्यूम लावू नका. स्वयंपाक गावातल्या घरी सांगा, नाहीतर परवानगी असेल तिथं छोटा गॅस. त्यातलं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचं थांबतं, म्हणून पाच-सहा अंशांच्या पहाटे नळकांडं मरगळतं. निजताना ते पांघरुणात घ्या.

गावाच्या शिवारात, मालकाला विचारून चूल मांडायची असेल तर ओढ्यातले दगड घेऊ नका. आपला भोकाभोकांचा खडक पाणी धरून ठेवतो आणि तापल्यावर फुटून तुकडे उडवतो. फायर स्टार्टरसाठी परदेशी कापूस विकत घ्यायची गरज नाही. वीतभर तागाची सुतळी घ्या, पीळ उलगडा, धागे बोटांनी चोळून पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा करा. फायर स्टार्टरच्या कांडीवरचा काळा रंग आधी खरवडा, तो असेपर्यंत ठिणगी पडत नाही. मग हॅकसॉच्या तुटक्या पात्याची पाठ सुतळीजवळ स्थिर धरा आणि कांडी मागे ओढा. बहुतेक जण पातं पुढे ढकलतात आणि जमवलेला गोळा उधळतात. पावसात सुतळी ओली झाली असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी. वास घाण, पण जळते. कापूर उत्तम, फक्त डबी घट्ट हवी. सैल झाकणातून तो उडून जातो आणि ऐन वेळी डबीत नुसता वास उरतो.

आणि शेवटी धार. बोटभर, दहा सेंटिमीटरचं पातं जंगलातल्या जवळपास सगळ्या कामांना पुरतं. दातेरी पाठ टाळा, ती ना करवत असते ना चाकू. साधं कार्बन पोलाद धार छान घेतं, पण इगतपुरीच्या पावसात एका रात्रीत तांबूस पडतं. पुसून खोबरेल लावा, किंवा सरळ स्टेनलेस घ्या. वाळकी फांदी कापायला तारेची करवत विसरा, चार कापांत तुटते. द्राक्षबागेत छाटणीला वापरतात ती दुमडती करवत घ्या, ती ओढताना कापते म्हणून ताकद कमी लागते. ओल्या झाडाला मात्र ती लावायची नाही.

कोयता हवाच असेल तर ऑनलाइनचा काळा रंगवलेला नको. ट्रकच्या कमानपाट्यातून घडवणारे घिसाडी लोहार अजून आहेत. घेताना कानस सोबत न्या. धारेवर कानस नुसती घसरली तर पाणी नीट दिलेलं आहे, म्हणजे पोलाद कडक आहे. खसकन चावली तर पातं मऊ, दुसरं दाखवायला सांगा. मुठीत पोलाद किती खोल गेलंय तेही बघा. दोन बोटं शेपूट असेल तर उन्हाळ्यात लाकूड आक्रसेल आणि घाव घालताना पातं सुटून उडेल. मूठ पाण्यात भिजवून घट्ट करणं दोन दिवसांचा उपाय आहे, आरपार दोन रिव्हेट मारून घ्या.

घरी आल्यावर ताडपत्री गच्चीवर दोन दिवस वाळवा, मगच घडी घाला, आणि दरवेळी वेगळ्या रेषेवर घाला. सुतळी आणि खाऊ एकाच कप्प्यात ठेवू नका. उंदीर दोन्ही खातो, आणि मध्ये असलेली सॅकही.