मलप्रभेच्या काठानं, कॅमेरा घेऊन

बेळगावच्या कुठल्याही मराठी पोराचा मोबाईल मागून घ्या आणि फोटो चाळा. रायगड असतो, पन्हाळा असतो, पारगडाच्या पायऱ्या असतात, गोव्याचे किनारे तर असतातच. हलशी नसते. देगाव नसतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, तीसुद्धा नसते, आणि ती तर बसस्टँडवरून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

मी उद्यमबागेत नोकरी करतो, मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. गेली काही वर्षं सुट्टी मिळेल तसा कॅमेरा घेऊन फिरतोय. फोटोग्राफी कुठं शिकलो नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्रानं त्याचा जुना कॅमेरा दिला, तिथून सुरुवात झाली. या फिरण्यातून एक मत पक्कं होत गेलं आणि ते आज मोकळेपणानं लिहितोय. आपण सीमाभागातली मराठी माणसं या भूमीवर हक्क सांगतो, पण तिच्याकडे नीट बघत नाही. जिच्यासाठी तीन पिढ्या भांडलो, तिचे फोटो आपल्याकडे नाहीत.

असं का झालं हे मला कळतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून 'आपलं राज्य' म्हटलं की नजर पलीकडे जाते. आमच्या शाळेची सहल निघाली की कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा. बदामी-पट्टदकलला सहल न्यावी असं कुणी सुचवल्याचं मला आठवत नाही. माझ्या आजोबांनी सीमालढ्यात तुरुंग बघितला. त्यांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल काहीही लागला तरी हलशी खानापूर तालुक्यातच राहणार आणि मीही खानापूर तालुक्यातलाच राहणार. मग ती बघायला निकालाची वाट कशाला बघायची?

हलशीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं डोकं तिथंच फिरलं. खानापुरापासून पंधराएक किलोमीटर, भाताची शेतं, कौलारू घरं, आणि अचानक गावात भूवराह नरसिंहाचं देऊळ. बनवासीच्या कदंबांच्या काळात हे पलाशिका नावाचं मोठं ठाणं होतं, पाचव्या शतकातले त्यांचे ताम्रपट इथंच सापडले. आजचं देऊळ त्यानंतरचं, गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकीकडे नरसिंह, दुसरीकडे पृथ्वीला वर उचलणारा वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की देव पाठीशीही असतो आणि पुढ्यातही. या देवळाचा फोटो काढणं सोपं नाही. आत अंधार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. फ्लॅश मारला की दगड पांढराफटक पडतो आणि कोरीवकाम सपाट होऊन जातं. मी फ्लॅश बंद ठेवतो, कॅमेरा खांबाला टेकवून धरतो आणि दारातून येणारा उजेड तिरपा कधी पडतो याची वाट बघतो. तिरप्या उजेडात छिन्नीच्या खुणा उठून दिसतात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या ठिकाणी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, म्हणून टेकवून धरायची सवय लागलेली बरी. मोबाईल असेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस पक्का होतो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. एवढं केलं तरी फोटोत जीव येतो.

तिथं एकदा पारावर बसलेल्या म्हाताऱ्या मामांनी मला हटकलं. "तम्मा, फोटू काढतोस खरं, कुणाचं देऊळ हाय ते वाचलास काय?" मी पाटी वाचून आलो, मग त्यांनी बाजूला बसवून घेतलं आणि पाटीवर नव्हतं ते सगळं सांगितलं. कुठल्या वाटेनं डोंगरावरच्या देवळाला जायचं, जत्रा कधी, पालखी कुणाच्या दारात थांबते. ते मामा घरात मराठी बोलतात, सून कन्नड शाळेत शिकलेली, नातू दोन्ही बोलतो. हलशीचं खरं चित्र मला त्या पारावर मिळालं.

देगाव कित्तूरच्या जवळ. तिथलं कमलनारायणाचं देऊळ कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिनं बांधवलं, आणि ते घडवणाऱ्या कारागिराचं नाव शिलालेखात आहे: तिप्पोज. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक असणं ही केवढी गोष्ट आहे. छताकडे कॅमेरा धरून सरळ जमिनीवर पाठ टेका. लोक बघतील, बघू देत. कमल बस्तीतही तसंच करायचं. १२०४ ची ही बस्ती, रट्ट राजांच्या काळातली, आणि छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय. फक्त किल्ल्याचा परिसर लष्कराच्या शेजारचा आहे हे ध्यानात ठेवा. कॅमेरा बस्तीकडे ठेवा, ड्रोनचा विचारही नको.

आता मलप्रभा. मला कुणी विचारलं की कर्नाटक बघायला कुठून सुरुवात करू, तर मी सांगतो, कणकुंबीपासून. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला जाणाऱ्या गाड्या या गावावरून सुसाट निघून जातात. माऊलीच्या देवळाजवळ थांबा. मलप्रभा तिथं उगवते. जुलैत जाल तर समोरचं झाड दिसत नाही इतकं धुकं आणि पाऊस. लेन्सवर बाष्प धरतं, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या नसतील तर आठवड्याभरात आत बुरशी चढते. तरी जुलैतच जा. ज्या पाण्यासाठी दोन राज्यांत वाद चाललाय तो कळसा नाला आणि तिथलं कालव्याचं काम इथंच आहे. तेही टिपा, तोही आपल्या भूमीचाच भाग आहे. भीमगडाकडं वळायचं असेल तर वनखात्याची परवानगी घेऊनच. ते अभयारण्य आहे, तिथल्या बारापेडे गुहांत जगात फार कमी ठिकाणी आढळणारं वटवाघूळ राहतं. त्यांच्या झोपेत दिवे पाडून फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नदी पुढं खानापुरात येते, जिथली माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली. मग सौंदत्ती, तिथं नविलतीर्थाचं धरण. आणि धरणापलीकडं ती बागलकोट जिल्ह्यात शिरते, तिथून आपल्या लोकांना ती अनोळखी होते. खरं म्हणजे तिथूनच ती चालुक्यांची नदी होते. पट्टदकलला मलप्रभा उत्तरेकडे वळते, म्हणून ती जागा पवित्र मानली आणि तिथं राज्याभिषेक होऊ लागले. तिथलं विरूपाक्षाचं देऊळ कांचीच्या पल्लवांवरच्या विजयाची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीनं बांधवलं. खानापूर-कित्तूरच्या बाजूला कमलादेवी, इथं लोकमहादेवी. एकाच मुलुखात दोन राण्यांची दोन देवळं, मधे चारशे वर्षं. पट्टदकलच्या देवळांची तोंडं पूर्वेला, म्हणून आदल्या रात्री बदामीत मुक्काम करा आणि सकाळी दार उघडायच्या वेळेला हजर राहा. तो तांबूस वालुकाश्म पहिल्या तासाभरात जसा पेटतो तसा दिवसभरात पुन्हा दिसत नाही.

आणि ऐहोळे. मेगुती टेकडीवर एक जैन मंदिर आहे, त्याच्या भिंतीत रविकीर्तीनं इसवी सन ६३४ मध्ये कोरवलेली संस्कृत प्रशस्ती आहे, दुसऱ्या पुलकेशीची. त्यात राजाच्या सत्तेखाली तीन महाराष्ट्रक आणि त्यांतली नव्व्याण्णव हजार गावं आल्याचं लिहिलंय. महाराष्ट्राच्या नावाचा इतका जुना उल्लेख, तोही मलप्रभेच्या खोऱ्यात! मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा कॅमेरा उचलायचं भान राहिलं नाही. आपण ज्याला 'त्यांचं' म्हणून सोडून दिलं तिथं आपलंच नाव कोरलेलं होतं. तीच गोष्ट श्रवणबेळगोळची. गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचामुण्डराजें करवियलें' ही मराठीतली ओळ आहे, शेजारी कन्नड आणि तमिळ ओळी. मराठीच्या आरंभीच्या लेखांत जिची गणना होते ती ओळ बघायला कर्नाटकातच जावं लागतं. शहाजीराजांची समाधी दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला आहे. तिथं किती मराठी माणसं जातात?

गोकाकचं मी फार लिहीत नाही, तिथं सगळे जातात. घटप्रभा ५२ मीटरवरून पडते, पावसाळ्यात पाणी लालभडक गढूळ होतं आणि तेच फोटोत सुंदर दिसतं. शेवाळलेल्या कड्यावर सेल्फीसाठी उभं राहू नका, एवढंच हात जोडून सांगणं. जवळच मार्कंडेय नदीवर गोडचिनमलकी आहे, गर्दी टाळायची असेल तर तिकडं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. माणसांचे फोटो. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत भंडारा उधळलेला असतो, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्ती मांडलेली टोपली, घेतलेल्या जोगतिणी, चौंडक्याचा आवाज, कोल्हापूर-सांगलीहून आलेल्या गाड्या, 'उदो उदो'त मराठी-कन्नड वेगळं ओळखू येत नाही. डोळ्यांना मेजवानी आहे. पण त्या बायांच्या आयुष्यात काय काय येऊन गेलंय ते त्या पिवळ्या रंगात झाकलं जातं. देवदासी म्हणून मुली सोडण्याची प्रथा कायद्यानं बंद झाली तरी तिचे घाव सोसलेल्या बाया आज हयात आहेत. आधी जवळ बसा, "मावशी, फोटो काढू काय?" विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा बॅगेत. निपाणीत तंबाखूच्या वखारीत, विडी वळणाऱ्या काकूंपाशीही हाच नियम. होकार मिळाला तर काढलेला फोटो छापून परत नेऊन द्या. त्या एका छापील फोटोमुळे माझ्यासाठी जी दारं उघडली ती ओळखपत्र दाखवून उघडली नसती.

आता एक आग्रह. फोटो टाकताना खाली मराठीत लिहा. गाव, तालुका, जिल्हा, महिना, साल, आणि माहीत असेल तर कुणी बांधलं. ऑक्टोबर १८९२ मध्ये परिव्राजक विवेकानंद बेळगावात आले, मराठी घरी उतरले, आणि इथंच त्यांचा फोटो काढला गेला. आज आपण तो बेळगावचा म्हणून ओळखतो, कारण कुणीतरी जागा आणि वेळ नोंदवून ठेवली. आपण मात्र सूर्यास्ताचा फोटो टाकतो आणि खाली तीन बदाम. नेटवर हलशी मराठीत शोधा, हाताला किती कमी लागतं बघा. पुण्या-मुंबईच्या माणसाला बेळगाव म्हणजे दगडफेक झालेली एसटी आणि फाडलेला फलक एवढंच दिसतं, कारण दुसरं काही आपण दाखवलंच नाही.

काही मित्र म्हणतात, तू असं फिरून, कर्नाटकची देवळं मिरवून आपलीच बाजू लंगडी करतोस. मला हे अजिबात पटत नाही. माझी मराठी इतकी कच्ची नाही की पट्टदकल बघितल्यानं ती वितळेल. ज्यांनी ही देवळं उभी केली त्यांच्या राज्यात नाशिकही होतं आणि बनवासीही. १९५६ ची रेघ त्यांच्या दगडावर उमटलेली नाही. उलट जो माणूस आपल्या गावच्या शिलालेखाचं साल सांगू शकतो, नदीचा उगम दाखवू शकतो, शेजारच्या कन्नड माणसाशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलू शकतो, त्याचा या मातीवरचा दावा जास्त भक्कम वाटतो. कन्नड शिकायला मला या फिरण्यानंच लावलं. देगावच्या पुजाऱ्यांनी मला तिप्पोजचं नाव कोरलेल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं, ते मी मोडक्या कन्नडमध्ये विचारलं म्हणून.

पावसाळा सुरू झाला की पहिल्या रविवारी मी कणकुंबीला जाणार आहे. सकाळची लाल बस, छत्री, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. कॅमेरा नसला तरी चालेल, मोबाईल पुरतो. आणि ज्यांच्याकडे आपल्या गावचे जुने फोटो ट्रंकेत पडलेत, लग्नाचे, जत्रेचे, पुराचे, त्यांनी ते या आठवड्यात बाहेर काढावेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीनं गाव आणि साल लिहून ठेवावं.