रंग उडालेले मासे

सध्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी ‘रंग दिलेले मासे घेऊन फसलेला माणूस’ म्हणून ओळखला जातो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या या इमारतीत बातमी पसरवायला वरच्या मजल्यावरचे एकटे काका पुरतात.

लाईट गेली होती. काका विचारायला आले, “तुमची पण गेली का?” जिन्यात मिट्ट काळोख दिसत असतानाही हे विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. विचारता विचारता त्यांनी मोबाईलचा टॉर्च थेट माझ्या टाकीवर मारला.

“अहो, निळं-तांबडं काहीतरी होतं की ह्यांना! सगळा रंग गेला की ओ!”

“काका, निऑन टेट्रा आहेत. अंधारात फिके पडतात. ती निळी पट्टी म्हणजे रंग नसतोच, कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परततो.”

“म्हणजे रंग नाहीच म्हणा की!”

“तसं नव्हे…”

“तुम्हीच म्हणालाय आत्ता. कितीला एक दिला? आपल्या कृष्णेतला मासा बघा, अंधारात पण मासाच दिसतोय.”

एवढ्यावर थांबते तर ते काका कसले. “वाळलेत बिचारे,” म्हणत त्यांनी खिशातल्या पुडीतलं चिमूटभर भडंग टाकीत सोडलं. निऑन पूर्ण वाढला तरी जेमतेम दीड इंचाचा, तोंड मोहरीएवढं. पाण्यावर लाल तेलाचा तवंग पसरला. लसणाची एक तळलेली पाकळी डुलत डुलत तळाशी गेली. तिथल्या ‘कोरी’ जातीच्या माशानं मिशा लावून ती तपासली आणि तो मागच्या मागे सरकला.

अन्न कुजलं की अमोनिया होतो. त्याला आवरणारे जिवाणू राहतात फिल्टरच्या स्पंजात, आणि लाईट नाही म्हणून फिल्टर बंद. मेणबत्ती लावून मी नळीनं पाणी उपसत बसलो. भरायला, नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून ठेवलेली एकच बादली होती, त्यातली निम्मी मावशींनी सकाळी फरशीला वापरलेली.

दुसऱ्याच्या कुत्र्याला बिस्कीट देताना लोक निदान ‘देऊ का?’ विचारतात. माशाच्या बाबतीत तेवढंही नाही. पोरं काचेवर टकटक करतात, आईबाप कौतुकानं बघतात. मासे दचकून एका कोपऱ्यात गोळा झाले की ‘बघ, कसे घाबरले!’ मी येऊन तुमच्या बेडरूमच्या खिडकीवर अशी टकटक केली तर पोलीस बोलवाल.

सकाळी टाकीचा दिवा लागला, मासे पुन्हा निळे-लाल झाले. पेपर मागायला आलेल्या काकांनी वाकून बघितलं. “आता कसं! पोटात गेलं की रंग आला. उपाशी ठेवत होता तुम्ही.”

काल दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. त्यांच्याकडचे गोल्डफिश जरा फिकट दिसतायत म्हणे. विचारत होत्या,

“भडंग साधं घालता की लसणीचं?”