‘वीस वर्षं उंदीर मारलेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडतात तेव्हा, मूत्रपिंड निकामी होण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘वीस वर्षं अमेरिकेत उंदीर मारलेत, एक तरी पेशंट वाचला का?’ शिवाय उंदरांचे निष्कर्ष माणसाला लागू पडत नाहीत, अनुदानाचा पैसा वाया जातो, आणि ‘झिग्रिस’ हे सेप्सिसवरचं औषध बाजारातून गेल्याचं साल चुकलंय, असंही. साल चुकलंच होतं. 2011 हवं, दुरुस्त केलं. आभार.

पण त्या पहिल्या वाक्याचं काय? टीका जरूर करा, पण ही कुठली भाषा? समोर बसून असं बोलला असतात?

उंदीर ‘मारणं’ म्हणजे काय ते ऐका. भूल देऊन पोट उघडायचं, आतड्याचं टोक बांधून सुईनं भोक पाडायचं, टाके घालायचे, म्हणजे उंदराला सेप्सिस होतो. मग सलाईन, वेदनाशामक, अँटिबायोटिक, आणि रात्रभर पहारा. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या रात्री मी मायक्रोस्कोपला डोळे लावून जिवंत उंदराच्या मूत्रपिंडातल्या केशवाहिन्या बघत होते. संध्याकाळी तांबड्या पेशी सरसर धावत होत्या. मध्यरात्रीपर्यंत कितीतरी वाहिन्यांत त्या जागीच थिजल्या. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन मात्र अजून फारसं हललं नव्हतं.

मला तेव्हा बाबा आठवले. 1998 साली लघवीच्या जंतुसंसर्गानं गेले. तालुक्याच्या दवाखान्यात ‘क्रिएटिनिन ठीक आहे’ म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद. मी या विषयात का आले, ते आता तरी कळलं असेल.

आणि पेशंट वाचला का? सेप्सिसमध्ये मूत्रपिंड वाचवायला औषध म्हणून दिलेल्या अल्कलाइन फॉस्फटेज या विकराच्या 2018 सालच्या चाचणीत 301 रुग्ण होते. ठरवलेल्या मुदतीत मूत्रपिंड सुधारलं नाही, पण औषध घेतलेल्यांत मृत्यू कमी दिसले. आम्ही सगळे आशेवर होतो. पुढच्या, साडेसहाशे रुग्णांच्या चाचणीत 28 दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत सारखेच निघाले, 27.9 टक्के. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी आले. पण तो निकाल कुणी दडवला नाही, जसाच्या तसा छापला. याला वाया जाणं म्हणत असाल तर म्हणा.

उंदीर आणि माणूस यांतला फरक आम्हालाही कळतो हो. अनुदानावर मी बोलणार नाही.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ते पहिलं वाक्य गाळून पुन्हा लिहिलीत, तर पुढचं बोलू.