माफीचं वचन, तेही गुपचूप

जुन्या वेस्टर्न (काउबॉय-दरोडेखोरांच्या अमेरिकी) मालिका म्हणजे नुसता सज्जन-दुर्जनांचा गोळीबार, हे तुमच्या लेखातलं मत पटलं नाही. एबीसी या अमेरिकी वाहिनीवरची ‘एलियस स्मिथ अँड जोन्स’ (१९७१-७३) आठवा. हेज आणि किड करी, बँका नि आगगाड्या लुटणारे दोघे. गव्हर्नर माफी कबूल करतो, पण आधी सरळ वागून दाखवायचं, आणि तोवर हे कुणाला सांगायचं नाही! म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावरचं दहा हजार डॉलरचं इनाम कायम, शेरीफ मागावर. सुधारू पाहणाऱ्याची ही कोंडी फार खरी वाटते. त्यांच्यासाठी रदबदली करणारा शेरीफ लोम ट्रेव्हर्स स्वतःच पूर्वीचा दरोडेखोर, हे तर मला सर्वांत आवडतं. १९७१च्या अखेरीस हेजची भूमिका करणारा पीट ड्यूएल वारला. त्याच्या जागी आलेल्या रॉजर डेव्हिसने हेज मनापासून केला, पण ती जोडी पुन्हा तशी जमली नाही.