ते शेत कोणाचे होते?

आज दुपारी एका मित्राने आमच्या गटात बारा मिनिटांचा एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिले की, ‘कार्निव्हाल’ची सगळी गोष्ट यात कळते, तेव्हा २४ भाग बघण्याची तसदी कोणी घेऊ नये, नाहीतरी ती मालिका अर्धवटच बंद पडलेली आहे. गटात जे उत्तर द्यायचे ते मी दिले. पण राग अजून उतरलेला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. डॅनियल नॉफ यांच्या कल्पनेतून उतरलेली आणि एचबीओ या अमेरिकी वाहिनीने २००३ ते २००५ या काळात दाखवलेली ही मालिका १९३४ सालच्या अमेरिकेत सुरू होते. कुरणे नांगरून टाकलेली, पावसाने पाठ फिरवलेली आणि वाऱ्यासरशी शेतांतली माती उडून चाललेली, असा तो ओक्लाहोमा. कैद्यांच्या साखळदंडातल्या मजुरीतून पळून आलेल्या बेन हॉकिन्सची आई त्या धुळीनेच मरते, बँकेचा बुलडोझर घर पाडायला दारात उभा असतो, आणि रस्त्याने चाललेला जत्रेतल्या खेळवाल्यांचा तांडा त्या पोराला आपल्याबरोबर घेऊन जातो. तिकडे कॅलिफोर्नियात ब्रदर जस्टिन नावाचा, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री विस्थापित शेतकऱ्यांसाठी चर्च उभारतो आणि पुढे रेडिओवरून प्रवचने देऊ लागतो. हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, तरी त्यांना स्वप्ने मात्र सारखीच पडतात. एकाच्या वाट्याला उजेड आला आहे आणि दुसऱ्याच्या वाट्याला अंधार, पण कोणाच्या वाट्याला काय, हे त्यांनाही बराच काळ उमगत नाही.

पहिल्याच भागात बेन एका अपंग मुलीच्या पायांवर हात ठेवतो. मुलगी उठून उभी राहते आणि भोवतालचे उभे पीक जागच्या जागी मरून जाते. कोणी ओरडत नाही, कोणी समजावून सांगत नाही. त्या वेळी माझी आई शेजारी बसली होती. इंग्रजी संवाद तिला फारसे कळत नव्हते आणि मीही ते सांगत बसण्याचा कंटाळा केला होता. पुसण्यासाठी काढलेला चष्मा तसाच हातात धरून ती एवढेच म्हणाली, “अगं, पण ते शेत कुणाचं होतं?”

आता तो व्हिडिओ काय म्हणतो ते ऐका. ‘बेनकडे दिव्य शक्ती आहे, परंतु तिची किंमत मोजावी लागते.’ झाले, सात सेकंदांत निकाल लागला! अहो, पण किंमत कोणी मोजायची? ज्याने हात ठेवला त्याने नाही, जिचे पाय बरे झाले तिनेही नाही. ती मोजली कोणा तरी तिऱ्हाइताने, जो त्या प्रसंगात कुठे दिसतही नाही. संपूर्ण मालिका याच प्रश्नावर उभी आहे, आणि माझ्या आईला तो भाषा न कळता कळला. पहिल्या पर्वाच्या शेवटी बेनला एका मेलेल्या बाईला परत आणायचे असते, तेव्हा पिकावर भागत नाही, माणसाचाच जीव घ्यावा लागतो. आधीचे शेत ज्याने डोळ्यांनी करपताना पाहिले आहे त्याच्या पोटात तिथे गोळा येतो. ज्याने नियम आधीच ऐकलेला आहे तो मान डोलावून पुढे जातो.

मालिका संथ आहे, हे मान्य. बेन आणि जस्टिन समोरासमोर येतात ते थेट अखेरच्या भागात, आणि पहिल्या पर्वातले काही भाग तर त्या तांड्याइतकेच रखडत चालतात. एकेका भागाचा खर्च ४० लाख डॉलरच्या घरात असताना आणि प्रेक्षक कमी होत असताना कोणती कंपनी ती चालू ठेवेल, हेही मला समजते. पण अर्धवट हा शब्द मी मुळीच मान्य करणार नाही. नॉफ यांच्या मनात सहा पर्वे होती, दोन-दोन पर्वांचा एक असे तीन खंड. त्यांपैकी पहिला खंड पुरा झाला आणि त्यानंतर मालिका थांबवली गेली. जे हाती आले आहे त्याला आरंभ आहे, मध्य आहे आणि एक भीषण शेवटही आहे.

मित्रावर मी इतके चिडायला नको होते असे हे लिहिता लिहिता वाटू लागले आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री तासभर मिळतो, आणि तो तासही एखाद्या मालिकेने धुळीत आणि अंधारात घालवावा, वर काही उलगडूनही सांगू नये, हे त्याला जड जाणारच. थकलेल्या माणसाला कोडी नको असतात. त्याने मालिका बघितली नसती तर माझी काही तक्रार नव्हती. परंतु न बघता ‘कळली’ म्हणायचे आणि वर इतरांनाही बघू नका म्हणून सांगायचे, हे मात्र मला सहन होत नाही!

कारण या व्हिडिओत नेमके काय गळते ते पाहा. भविष्य सांगण्याच्या टॅरो पत्त्यांमधून त्या काळातल्या खऱ्या बातमीपटांत शिरणारी सुरुवातीची शीर्षके गळतात, ज्यांना २००४ मध्ये एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा यांनाही एमी मिळाले होते. जेफ बील यांचे संगीत गळते. मायकल जे. अँडरसन यांनी उभा केलेला, तांड्याचा कारभार पाहणारा सॅमसन गळतो, जो आरंभीच काळोखात बसून सांगतो की, ट्रिनिटी येथे खोटा सूर्य उगवला त्या दिवशी माणसाने अद्भुताचा सौदा केला. ट्रिनिटी म्हणजे न्यू मेक्सिकोतला पहिला अणुस्फोट, १६ जुलै १९४५ चा. म्हणजे १९३४ मध्ये चाललेल्या या सगळ्या चमत्कारांना आता अकराच वर्षे उरली आहेत, हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला ठाऊक असते आणि पात्रांना कधीच नसते. हे समजावून काय सांगणार?

पुढचा परिच्छेद ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी कृपया वगळावा.

अखेरच्या दृश्यात पुन्हा एक शेत आहे, मक्याचे, आणि पुन्हा कोणी तरी कोणावर तरी हात ठेवते. या वेळी हात ठेवणारी व्यक्ती वेगळी आहे आणि जो वाचतो तो वाचायला नको होता. चहूबाजूंचा मका मरत जातो. व्हिडिओवाल्याने याला ‘अनुत्तरित शेवट’ म्हटले आहे. आई तेव्हाही शेजारीच होती. ती म्हणाली, “म्हणजे पुन्हा दुसऱ्याचंच गेलं म्हणायचं.” याहून अधिक कोणते उत्तर हवे होते, ते त्या व्हिडिओवाल्यालाच ठाऊक.

असो. ज्यांना बघायची असेल त्यांनी निदान पाचव्या भागापर्यंत धीर धरावा. त्या भागाचे नाव ‘बॅबिलन’. तांडा एका खाणीच्या गावात उतरतो, गावात फक्त पुरुष दिसतात, आणि त्यांच्यात काहीतरी विपरीत आहे हे खेळवाल्यांच्या लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. भाग पाच आणि सहा सलग बघावेत. त्यानंतरही कंटाळा आला तर खुशाल सोडून द्यावी, मी चकार शब्द काढणार नाही. तो व्हिडिओ मात्र मला कोणीही पाठवू नये. आज दुपारपासून तो तिघांनी पाठवला आहे.