शहाण्यानं चढू नये ती पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही पोस्ट ती पायरी चढलेल्या एका बाईबद्दल आहे. आधीच सांगते, केस ती हरली.

अनिता डीफ्रांट्झ, अमेरिकेची कृष्णवर्णीय रोवर, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतीतली (रोइंगमधली) खेळाडू. १९७१च्या सुमारास कनेक्टिकट कॉलेजात शिकत असताना वाटेत काहीतरी लांबलचक, निमुळतं ठेवलेलं दिसलं. शेजारच्या माणसाला तिनं विचारलं, हे काय? ती होती शर्यतीची बोट. आणि तो माणूस नेमका रोइंगचा कोच निघाला. तुला हा खेळ मस्त जमेल, म्हणाला. पाच वर्षांनी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, आठ जणींच्या बोटीत, ब्राँझ! बायकांचं रोइंग ऑलिंपिकमध्ये आलं तेच त्या वर्षी. शर्यत १००० मीटरची, पुरुषांची मात्र २०००. (बायकांना झेपणार नाही, हे सगळीकडे सारखंच.) पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची कायद्याची पदवी. म्हणजे ऑलिंपिकची तयारी आणि लॉ कॉलेज दोन्ही एकदम. आपल्याकडे मूल दहावीत गेलं की आधी मैदान बंद.

मग १९८० आलं. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, म्हणून मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाका, असा राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी लकडा लावला. एप्रिलमध्ये अमेरिकन ऑलिंपिक कमिटीनं मान तुकवली. सत्तावीस वर्षांच्या अनितानं इतर खेळाडूंना सोबत घेऊन आपल्याच कमिटीला कोर्टात खेचलं. मुद्दा साधा होता: १९७८च्या कायद्यानं खेळाडूंना संरक्षण दिलंय, राजकारणासाठी आम्हाला घरी बसवता येणार नाही.

तो निकाल मी वाचलाय. १६ मेला जज प्रॅट यांनी सांगितलं, की ऑलिंपिकमध्ये उतरण्याचा हक्क हा कायदा देतच नाही. शिवाय कमिटी खासगी संस्था. सरकारनं कितीही दबाव आणला तरी निर्णय तिचाच, त्यामुळे घटनेचे हक्क तिच्याविरुद्ध मागता येत नाहीत. कायद्याच्या भाषेत चोख असेल, पण मला ते पचत नाही. मान सरकारनं पिरगाळायची आणि ती आपणहून वळली म्हणायचं!

लोक तिच्याबद्दल सांगताना पुढच्या पदांची यादी वाचतात. १९८६ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सदस्य, १९९७ला तिथली पहिली महिला उपाध्यक्ष, वगैरे. सगळं खरं आहे. पण माझ्या लेखी ती मोठी आहे ती त्या हरलेल्या केसमुळे. देशद्रोही म्हणतील, करिअर संपेल, हे तिला कळत नव्हतं थोडंच? वकील होती ती.

आणि हो, त्याच मॉस्कोत आपण हॉकीचं सुवर्ण जिंकलो. पश्चिम जर्मनी, पाकिस्तान, नेदरलँड्स आलेच नव्हते, हे आपण हळूच सांगतो.

चार वर्षांनी लॉस एंजेलिस. अनिता आता आयोजकांत, खेळाडूंचं एक ऑलिंपिक व्हिलेज सांभाळत होती. माँट्रियलमध्ये तिच्या बोटीच्या पुढे होत्या दोनच बोटी, पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत युनियनच्या. या वेळी त्या देशांनी बहिष्कार टाकला. आठ जणींच्या शर्यतीत सुवर्ण अमेरिकेला मिळालं.